कल्पसूत्रातला बाहेर आलेला डोळा: तो का असतो आणि कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: उपयोजित कलेचं शिक्षण झालेली एक व्यक्ती पंधराव्या शतकातल्या सचित्र कल्पसूत्राच्या, म्हणजे तीर्थंकरांची चरित्रं सांगणाऱ्या जैन पोथीच्या, पानांची नक्कल करते आहे. पाऊण चेहरा व्यवस्थित बसवून मग पलीकडचा डोळा बाहेर काढला की माणूस व्यंगचित्रासारखा दिसतो. मूळ पानात मात्र तसं वाटत नाही. तो डोळा बाहेर का, तो नेमका कुठे ठेवायचा, आणि जमतच नसेल तर वगळला तर चालेल का?

तुमची अडचण डोळ्याची नाही, गालाची आहे. तुम्ही आधी कलाशाळेत शिकवलेला पाऊण चेहरा काढता: गोलसर डोकं, वळलेली मध्यरेषा, नाकापलीकडे उरलेला गालाचा अरुंद पट्टा. आणि मग त्या गालाच्या बाहेर आणखी एक डोळा लावता. म्हणजे पलीकडचा गालही आहे आणि गालाबाहेर डोळाही. मूळ चित्रात पलीकडचा गाल नसतोच. कपाळावरून निघालेली रेषा थेट नाकाच्या मुळाशी येते, तिथून नाकाचं टोक, ओठ, हनुवटी. ती जवळजवळ पूर्ण बाजूच्या चेहऱ्याची रेषा आहे आणि डोळा तिला बाहेरून टेकलेला आहे. गाल ठेवून डोळा बाहेर काढला की तो खोबणीतून निसटल्यासारखा दिसतो. गाल काढून टाकला की तोच डोळा चेहऱ्याचा भाग होतो. एवढी एक दुरुस्ती केलीत तरी निम्मं काम होईल. उरलेलं निम्मं शरीराचं आणि रंगाचं आहे.

आधी एक सांगायला हवं. 'कल्पसूत्राची शैली' म्हणून एकच एक गोष्ट नाही. ताडपत्रावरची बाराव्या-तेराव्या शतकातली चित्रं, कागदावरची चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आणि पुढची चित्रं, 1439 चं मांडूचं कल्पसूत्र, 1465 चं जौनपूरचं, आणि अहमदाबादच्या देवसानो पाडो भांडारातली पंधराव्या शतकाच्या अखेरीची ती समासात गर्दी केलेली पोथी, या सगळ्यांत डोळा बाहेरच आहे. पण रेषेची जाडी, सोन्याचं प्रमाण, अंगाचा बांधा वेगळा आहे. ताडपत्राची उंची जेमतेम 5 ते 7 सेंटिमीटर, म्हणून चित्रही तेवढंच. कागदाचं पान साधारण 11 सेंटिमीटर उंच आणि 26 ते 29 सेंटिमीटर लांब, त्यात चित्राची चौकट बहुतेक वेळा पानाच्या पूर्ण उंचीची. तेव्हा आधी एकच पोथी निवडा आणि तिच्याशी प्रामाणिक राहा. दोन पोथ्यांतली डोकी आणि तिसरीतली वस्त्रं एकत्र केली की नक्कल बिघडते आणि कुठे बिघडली ते सापडत नाही. खाली मी जी मापं देतो आहे ती पंधराव्या शतकातल्या कागदी पोथीची आहेत.

आता डोळा का. याची मुळं आपल्या जवळच आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवा: चेहरा किंचित वळलेला, पलीकडचा गाल पूर्ण, आणि तो गाल दिसतो कारण रंगाची छटा त्याला गोलाई देते. तिथून शंभरेक किलोमीटरवर वेरूळला या. कैलास लेण्याच्या वरच्या मजल्यावरच्या मंडपाच्या छतावर गरुडांवरून ढगांतून जाणारे विष्णू-लक्ष्मी आहेत. तिथे नाक धारदार झालंय, छटा मागे सरून रेषा पुढे आली आहे आणि पलीकडचा डोळा गालाच्या रेषेला आतून ढकलू लागला आहे. वेरूळच्या जैन लेण्यांतल्या चित्रांतही हीच हालचाल दिसते. गुजरात-राजस्थानच्या ताडपत्री पोथ्यांपर्यंत पोचताना गाल गळून गेला आणि डोळा उरला.

कारण कामाच्या पद्धतीत आहे. पलीकडचा गाल हे छटेचं काम आहे. सपाट रंग आणि एक काळी रेषा एवढंच हातात असेल तर तो दोन मिलिमीटरचा पट्टा काहीच सांगत नाही, फक्त रेषांची गर्दी करतो. डोळा मात्र सांगतो: हा माणूस बघतो आहे, कुणाकडे बघतो आहे, जिवंत आहे. पाच-सहा सेंटिमीटरच्या चौकटीत चार माणसं बसवायची असतील तर चित्रकार काय टाकेल आणि काय ठेवेल, हे उघड आहे. आणि एकदा ठेवायची सवय लागली की पुढचा चित्रकार तेच हाताने शिकतो. पोथ्या दानासाठी लिहवून घेतल्या जात, त्याच त्याच प्रसंगांची चित्रं पुन्हा पुन्हा लागत. लेखक आधी मजकूर लिहून चित्रासाठी जागा मोकळी सोडायचा आणि काही पोथ्यांत समासात प्रसंगाचं छोटं रेखाटन किंवा सूचना असते. अशा कामात ठरलेला चेहरा लागतो, प्रत्येक वेळी नव्याने शोधलेला नाही.

शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत या वळणाला नाव आहे. धारच्या भोजाच्या नावावर असलेल्या अकराव्या शतकातल्या 'समरांगणसूत्रधारा'त माणसाच्या उभं राहण्याच्या स्थानांत ऋज्वागत म्हणजे सरळ समोर, पार्श्वागत म्हणजे पूर्ण बाजूने, आणि या दोन टोकांमध्ये अध्यर्धाक्ष, म्हणजे शब्दशः 'दीड डोळ्यांचं' असं एक स्थान येतं. चित्रकारांच्या बोलीतले एकचश्म, सवाचश्म, डेढचश्म, म्हणजे एक, सव्वा आणि दीड डोळ्यांचा चेहरा, हे शब्दही तसेच: चेहऱ्याचं वळण गालाने नाही, डोळ्यांनी मोजायचं. याचा अर्थ पोथीचा चित्रकार ग्रंथ उघडून बसला होता असा मी काढत नाही. पण वळलेला चेहरा म्हणजे 'दीड डोळा' हा विचार हवेत होताच.

एक लोकप्रिय स्पष्टीकरण तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल: श्वेतांबर मूर्तींना वरून बसवलेले स्फटिकाचे किंवा काचेचे चकाकते डोळे असतात, त्यांची ही नक्कल आहे. ऐकायला छान आहे, पण मला पटत नाही. वेरूळचं कैलास शैव आहे. 1451 चा 'वसंतविलास' हा अहमदाबादचा कापडी पट शृंगाराचा आहे, तिथेही डोळा बाहेरच आहे. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ज्याच्या मूर्तीला ते डोळे बसवतात, तो जिन म्हणजे तीर्थंकर स्वतः केवलज्ञानानंतर, म्हणजे पूर्ण ज्ञान झाल्यावर, समोरून काढलेला असतो आणि त्याचे दोन्ही डोळे चेहऱ्याच्या आतच असतात.

ही शेवटची गोष्ट नक्कल करणाऱ्याने पक्की लक्षात ठेवायला हवी, कारण इथेच बहुतेकजण चुकतात. कल्पसूत्रात महावीर पाळण्यात, राजवाड्यात, पालखीत असतो तोवर त्याचा चेहरा इतरांसारखाच वळलेला आणि डोळा बाहेर. केशलोचनात तो पाच मुठींनी केस उपटतो आणि इंद्र ते झेलतो, तिथेही तसाच. समवसरणात, म्हणजे त्याच्या उपदेशासाठी देवांनी रचलेल्या सभेत, बसला की तो सरळ समोर वळतो, पद्मासनात, मूर्तीसारखा निश्चल, आणि भोवतीचे सगळे वळलेलेच राहतात. आईवडील सिद्धार्थ-त्रिशला, इंद्र, साधू, इंद्राचा सेवक देव हरिणगमेषी, सगळे. हरिणगमेषीचं तर तोंडच पशूचं असतं, पण अंग बाकीच्यांसारखंच वळलेलं. म्हणजे वळलेला चेहरा हा संसारात हालचाल करणाऱ्याचा आणि सरळ चेहरा हा थांबलेल्याचा, असं मी वाचतो. समवसरणातल्या जिनाला 'शैली जुळावी' म्हणून बाहेरचा डोळा दिलात तर चित्र दिसायला जुळेल, अर्थाने मोडेल.

'त्या काळच्या चित्रकारांना शरीर काढता येत नव्हतं' हा गैरसमजही याच पोथ्या खोडतात. कल्पसूत्राच्या जोडीला बहुतेक वेळा कालकाचार्यकथा असते. उज्जैनचा राजा गर्दभिल्ल साध्वी सरस्वतीला पळवून नेतो आणि तिचा भाऊ कालक शाही म्हणजे परदेशी शक राजांची मदत आणतो, ती कथा. ते शाही बघा: गोल भरलेला चेहरा, तिरके बारीक डोळे, दोन्ही चेहऱ्याच्या आत, पलीकडचा गाल शाबूत, अंगात लांब अंगरखे, पायांत बूट. एकाच चौकटीत कालकाचा डोळा बाहेर आणि शाहीचा आत. इराणी चित्रांशी परिचय होता, तो चेहरा हाताला येत होता, आणि तो परक्यांसाठी राखून ठेवलेला होता. आपल्या माणसांचा चेहरा वेगळाच ठेवायचा, हा निर्णय होता.

आत्तापर्यंतचं एका दमात: पलीकडचा गाल काढायचा नाही, डोळा बाह्यरेषेला बाहेरून टेकवायचा, समोरून काढलेल्या जिनाला आणि शाहींना हा नियम लावायचा नाही. आता प्रत्यक्ष काढण्याकडे येऊ.

चौकट 10.5 सेंटिमीटर उंच आणि 8 सेंटिमीटर रुंद घ्या. पहिल्या सरावाला मोठ्या आकारात काढण्याचा मोह होतो, तो टाळा. दुप्पट आकारात हीच रेषा पोकळ वाटते आणि मग माणूस ती भरायला छटा घालतो. उभा माणूस साधारण 8 सेंटिमीटर आणि केसांसकट डोकं 15 मिलिमीटर, म्हणजे सव्वापाच डोक्यांचा माणूस. तुम्हाला साडेसात डोक्यांची सवय असेल, म्हणून तुमची माणसं उंच आणि डोकी लहान होत असतील. लहान डोक्यावर मोठा डोळा बसवला की व्यंगचित्रच होणार. हे दुसरं कारण.

चेहरा मी डोळ्यापासून सुरू करत नाही, कपाळापासून करतो. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी ही एकच सलग रेषा. नाक पोपटाच्या चोचीसारखं टोकदार आणि चेहऱ्याबाहेर चांगलं 3 मिलिमीटर आलेलं. ओठ अगदी लहान, नाकाखाली लपल्यासारखे. हनुवटीखाली दुसरी वळी, ती बरेचजण विसरतात. तिच्याशिवाय जबडा कोरडा आणि आधुनिक दिसतो. मग कान आणि त्यातलं मोठं गोल कुंडल. नाकाच्या मुळापासून कानापर्यंत साधारण 10 मिलिमीटर जागा मिळते. तिच्यात अलीकडचा डोळा 6 ते 7 मिलिमीटर लांब, मधे 3 मिलिमीटर उंच, आणि त्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून कानाकडे जाणारी दोनेक मिलिमीटरची काजळरेषा. म्हणजे डोळ्याने गालाची बहुतेक जागा खाल्लेली असते. तुमचा अलीकडचा डोळा लहान असेल तर पलीकडचा कितीही नीट काढा, तो पाहुणाच वाटणार.

आता पलीकडचा. तो नाकाच्या मुळाशी, भुवया जिथे भेटतात त्याच्या किंचित खाली टेकवायचा. लांबी 5 मिलिमीटर, उंची अलीकडच्या डोळ्याइतकीच. टोक नाकाच्या दिशेने बाहेर, किंचित वर. जवळजवळ सगळा डोळा बाह्यरेषेच्या बाहेर, फक्त आतला कोपरा चिकटलेला. दोन्ही डोळ्यांच्या खालच्या कडा एका अदृश्य आडव्या रेषेवर असाव्यात. पलीकडचा खाली घसरला की चेहरा रडका होतो, वर गेला की भेदरलेला. भुवई दोन्हींवर वेगळी कमान करून येते आणि नाकाच्या मुळाशी जवळजवळ जुळते. पलीकडची भुवईही बाहेरच लटकते. ती काढली नाही तर डोळा एकटा पडतो, आणि नवशिक्यांच्या नकलांत हाच दोष मला सगळ्यात जास्त दिसतो.

बुबुळ म्हणजे एक काळा ठिपका, मिलिमीटरभर. त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरं दिसायला हवं. वरच्या पापणीला चिकटवून अर्धवट झाकलंत की नजर मऊ, झोपाळू होते. पोथीतली नजर टक्क उघडी असते. दोन्ही ठिपके एकाच बाजूला ठेवा, नाकाच्या दिशेला थोडे सरकवून. माणसं चौकटीत एकमेकांशी बोलत असतात आणि ते संभाषण या ठिपक्यांवर चालतं.

मानेखाली नियम बदलतो. खांदे जवळजवळ समोरून, छाती फुगवलेली, कंबर एकदम बारीक, आणि कमरेखाली पाय पुन्हा बाजूने, दोन्ही पावलं एकाच दिशेला. चेहरा बाजूचा, खांदे समोरचे, पाय बाजूचे: प्रत्येक अवयव जिथून तो सगळ्यात स्पष्ट ओळखू येतो तिथून काढलेला. तुम्ही शिकलेला वळणाचा न्याय, म्हणजे मान वळली तर खांदाही थोडा वळेल, इथे लावायचा नाही. पुरुषाला लहान टोकदार दाढी, स्त्रीला मागे अंबाड्याचे गोंडे आणि कपाळावर मोठी टिकली. बोटं लांब आणि निमुळती. उपदेश करणाऱ्या साधूचा उचललेला हात चेहऱ्याइतकाच बोलतो, त्यामुळे हात उरकून टाकू नका. धोतराची आणि उपरण्याची टोकं हवेत ताठ, त्रिकोणी, कात्रीने कापल्यासारखी बाहेर येतात. नाक, डोळा, कोपर, उपरण्याचं टोक ही सगळी एकाच कुळातली टोकं आहेत. फक्त डोळाच टोकदार आणि बाकी अंग गोलसर ठेवलं की डोळा विचित्र दिसतो. तिसरं कारण हे, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित.

रंगाकडे वळू. मूळ रंग म्हणजे हिंगूळ (लाल), हरताळ (पिवळा), नीळ, काजळ, पांढरा आणि पंधराव्या शतकात महागडा लाजवर्द (दगडाचा निळा) व सोनं. हिंगुळात पारा आहे आणि हरताळात आर्सेनिक, म्हणून शिकत असताना हे दोन्ही खलात घोटायला घेऊ नका. कोरडी पूड श्वासातून जाते. तयार अपारदर्शक जलरंगातला शेंदरी लाल आणि पिवळा घ्या. नीळ आणि पिवळा मिसळून मिळणारा हिरवा या पोथ्यांना शोभतो. जंगाल म्हणजे तांब्याचा हिरवा कुठे मिळाला तर तो कागदावर लावू नका. तो कागद जाळतो आणि मागच्या बाजूला तपकिरी डाग उमटतो. शिसं असलेला जुना सफेदाही टाळा, हवेतल्या गंधकाने तो काळा पडतो आणि नेमका डोळ्यातच काळा पडतो.

कोरडे रंग वापरायचेच असतील तर बाभळीचा डिंक एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून फडक्याने गाळून घ्या. रंगात तो थेंबाथेंबाने घाला. वाळल्यावर बोट फिरवल्यास रंग बोटाला लागला तर डिंक कमी, रंग चकाकला किंवा तडकला तर जास्त. शाईचं जुनं प्रमाण सोपं आहे: काजळाइतकाच हिराबोळ, त्याच्या दुप्पट डिंक, आणि घोटताना माक्याचा रस. घोटणं तासांच्या हिशेबात करायचं, मिनिटांच्या नाही. कमी घोटलेलं काजळ रेषेत दाणे सोडतं.

कागद हातकागद, पातळ, आणि अकीकाच्या दगडाने दोन्ही बाजूंनी घोटलेला. न घोटलेल्या कागदावर रेषा पसरते आणि 1 मिलिमीटरचा ठिपका 2 मिलिमीटरचा होतो. डोळ्यात एवढा फरक म्हणजे नजरच बदलली.

क्रम महत्त्वाचा आहे. लाल पार्श्वभूमी आधी पूर्ण लावून तिच्यावर माणूस काढू नका. आधी फिकट रेषेत सगळं आखा, मग माणसाच्या भोवतीने लाल भरा, माणूस कोरा सोडून. बाहेरच्या डोळ्याच्या मागे गालाचा रंग नसतो, थेट लाल असतो, हे ध्यानात घ्या. लालावर पांढरा दिला तर खालचा लाल पाण्याने उठतो आणि डोळा गुलाबी होतो. तो गुलाबी डोळा आजारी दिसतो. भोवतीने लाल भरायला बारीक कुंचला लागतो, खारीच्या शेपटीच्या केसांचा किंवा चांगला 000 आकाराचा, आणि वेळ जातो. त्याला इलाज नाही. मग अंगाचा पिवळा किंवा सोनेरी रंग, वस्त्रं, नक्षी, डोळ्यांतला पांढरा, आणि सगळ्यात शेवटी काळी रेषा. शेवटची रेषा म्हणजे आखणी गिरवणं नव्हे. आखणी थोडी चुकली असेल तर काळी रेषा ती सुधारते, म्हणून ती ओढताना खालच्या रेषेवरून घाबरत घाबरत जाऊ नका. पापणीची वरची रेषा एका ओढीत, आतल्या कोपऱ्यापासून कानाकडे. दोन तुकड्यांत काढलेली पापणी लगेच ओळखू येते.

सोन्याच्या पोथीचा क्रम मात्र उलटा असतो. पंधराव्या शतकातल्या श्रीमंत पानांत आधी चित्राच्या जागेवर वर्ख चिकटवलेला असतो, मग त्यावर लाल किंवा निळा भरून माणसाचं अंग सोन्याचं सोडलेलं असतं. मूळ पानावर जिथे लाल पापुद्रा उडाला आहे तिथे खालून सोनं डोकावतं, त्यावरून हे ओळखता येतं. यात दोन गोष्टी बिघडतात. गुळगुळीत वर्खावर जलरंग धरत नाही, थेंब होऊन गोळा होतो; लावण्याआधी खडूची बारीक पूड हलक्या हाताने फिरवून झटकून टाका आणि बोट लावू नका. दुसरं, बाजारातला स्वस्त वर्ख पितळेचा असतो, काही वर्षांत काळवंडतो. सरावाला चालेल, कुणाला द्यायच्या कामाला नाही. डोळ्यातला पांढरा इथे सोन्यावरच द्यावा लागतो, म्हणून तो घट्ट ठेवा आणि दोन हातांत द्या.

अंगाच्या रंगाबद्दल एक सावधानता. सगळे तीर्थंकर सोनेरी नसतात. महावीर आणि ऋषभ सोनेरी, पार्श्वनाथ निळा किंवा हिरवट, नेमिनाथ गडद सावळा. रंग बदलला की व्यक्तीच बदलते. काम एखाद्या संघासाठी किंवा पर्युषणातल्या वाचनाच्या पोथीसाठी असेल तर रंग, लांछन (तीर्थंकर ओळखण्याची खूण) आणि प्रसंग आधी महाराजसाहेबांकडून, म्हणजे जैन साधूंकडून, तपासून घ्या. तुमच्या आवडीचा प्रश्न तिथे येत नाही.

छापील चित्रांवरून नक्कल करत असाल तर माप फसवतं, कारण पुस्तकात पान बहुधा मोठं केलेलं असतं. मूळ पानं बघायला मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, अहमदाबादला लालभाई दलपतभाई वस्तुसंग्रहालय, आणि मांडूचं कल्पसूत्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. जाताना मिलिमीटरची पट्टी न्या. काचेवर टेकवू नका, पण शेजारी धरून डोक्याचं आणि उंचीचं प्रमाण काढता येतं.

राहिला शेवटचा प्रश्न, डोळा वगळला तर चालेल का. कल्पसूत्राच्या नकलेत नाही. पण तो वगळण्याचा मार्ग चित्रकारांनी स्वतःच काढला होता. सोळाव्या शतकात 'चौरपंचाशिका' या सचित्र पोथीच्या कुळातल्या चित्रांत पलीकडचा डोळा गेलेला आहे. 1516 मध्ये आग्ऱ्याजवळ झालेलं सचित्र आरण्यकपर्व मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे, तेही या बदलाच्या संदर्भात बघण्यासारखं. चौरपंचाशिकेच्या कुळात फक्त डोळा पुसलेला नाही. चेहरा पूर्ण एकचश्म झाला, उरलेला एकच डोळा आणखी मोठा झाला आणि नजर ठिपक्याऐवजी मोठ्या बुबुळाने तोलली. वस्त्रांची टोकं मात्र तशीच ताठ राहिली. तुम्हाला एक डोळा हवा असेल तर त्या चेहऱ्यापासून नव्याने सुरुवात करा: कपाळ-नाकाची तीच रेषा, अलीकडचा डोळा 7 ऐवजी 8 मिलिमीटर, बुबुळ दीड मिलिमीटर, आणि मागची लाल पार्श्वभूमी थेट नाकाच्या मुळापर्यंत.